हाक ऐकते, ओ देत नाही

रेस्टॉरंटमध्ये टेबलासाठी थांबायचं असलं, की नाव सांगायचं, माणसं किती ते सांगायचं, आणि काउंटरवरचा माणूस टेबल तयार झाल्यावर बोलावणाऱ्या चकत्यांच्या चळतीतली सगळ्यात वरची चकती उचलून हातात देतो. उचलताक्षणी ती एकदा लखलखते. बऱ्याच जणांना वाटतं, आपला नंबर इतक्यात लागला! तसं नसतं. चळतीत असताना ती चार्ज होत झोपलेली असते. वीज तुटली, की तिला कळतं, आपल्याला कुणीतरी उचललं. मग ती जागी होते आणि जागी झाल्याची खूण म्हणून एकदा लुकलुकते. ही खूण फुकटची तपासणीच आहे. उचलल्यावर जी चकती लुकलुकली नाही, ती तिथल्या तिथे परत देऊन दुसरी मागावी. नाहीतर आपण तासभर बसून राहू, आणि तीही.

नाव तिचं पेजर. कुणी बझर म्हणतं, कुणी नुसतंच 'ते गुरगुरणारं'. तळहाताएवढी गोल किंवा चौकोनी प्लास्टिकची चकती, कडेला लाल दिव्यांची माळ, आत एक मोटर, एक बॅटरी आणि एक रेडिओ. या रेडिओला फक्त कान आहेत, तोंड नाही. तो काउंटरचा निरोप ऐकू शकतो, पण 'ऐकला' असं उलट कळवू शकत नाही. या यंत्राबद्दल जेवढं म्हणून समजून घ्यायचं, ते सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. काउंटरवाल्याने बटण दाबलं, की त्याच्या पडद्यावर 'पाठवलं' एवढंच उमटतं. पोचलं की नाही, हे त्याला तुम्ही समोर येऊन उभे राहाल तेव्हाच कळणार. साध्या चकत्यांचं असंच असतं. उलट बोलणाऱ्या चकत्याही करता येतात, पण मग प्रत्येकीत ट्रान्समीटर घालावा लागतो, बॅटरी मोठी लागते, किंमत चढते. रोज चार वेळा खाली पडणाऱ्या वस्तूवर इतका खर्च करायला हात सहसा धजावत नाही.

हे घराणं मूळचं डॉक्टरांचं. बिनतारी यंत्रांचे शोधक अल ग्रॉस यांनी १९४९ साली पेजरचं पेटंट घेतलं आणि १९५०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांच्या खिशात ते पोचलं. तिथे अख्ख्या शहराला ऐकू जाईल अशी हाक घालावी लागे. रेस्टॉरंटला एवढी मोठी हाक काय करायची? काउंटरवर दोनेक वॉटचा छोटा ट्रान्समीटर ठेवला, की अंगण, पायऱ्या, पार्किंग आणि समोरचा फूटपाथ सहज आवाक्यात येतात. मध्ये कुठली टेलिफोन कंपनी नाही, महिन्याचं बिल नाही.

आता ती हाक नेमकी कशी असते ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. काउंटरवाला १ आणि ७ दाबतो, मग पाठवायचं बटण. अनेक संच यासाठी 'पॉकसॅग' नावाची पद्धत वापरतात. ती ब्रिटिश टपाल खात्याच्या पुढाकाराने बनलेली आहे. काही कंपन्यांची स्वतःची याहून सोपी भाषा असते, पण तत्त्व तेच. तर बटण दाबल्याबरोबर नाव घेतलं जात नाही. आधी नुसतीच टाळी वाजते: एक-शून्य-एक-शून्य असे ५७६ बिट. सेकंदाला ५१२ बिट हा वेग धरला, तर ही टाळी सव्वा सेकंदाच्या जरा आत संपते. एवढी लांबड कशासाठी? तर चकती सतत कान देऊन बसलेली नसते. सतत ऐकत राहिली तर बॅटरीचा निकाल लागेल. म्हणून ती डुलकी काढते, मधूनच एक कान उघडते, टाळी ऐकू येते का बघते, नसेल तर पुन्हा झोपते. ५७६ हा आकडा त्या डुलकीवरून बेतलेला आहे. निरोपाचा एक गठ्ठा ५४४ बिटांचा, त्यावर ३२ बिटांचा एक शब्द (३२ बिटांच्या तुकड्याला इथे शब्द म्हणतात) जास्त. म्हणजे गठ्ठ्यागणिक एकदा जागं होणाऱ्या चकतीच्या कानावर टाळी पडल्याशिवाय राहत नाही.

टाळीनंतर ३२ बिटांचा ठराविक सूर येतो. तो ऐकून सगळ्या चकत्या आपापली घड्याळं जुळवतात. मग आठ खण, म्हणजे निरोपाचे एकामागोमाग येणारे आठ कप्पे. प्रत्येक चकतीला आपला खण पाठ असतो, कारण तिच्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट म्हणजेच खणाचा क्रमांक. बाकीचे सात खण चालू असताना ती खुशाल डोळा मिटते, फक्त आपल्या खणापुरती उठते आणि आपलं नाव आहे का बघते. पत्ता एकूण २१ बिटांचा, म्हणजे २० लाख ९७ हजार १५२ वेगवेगळ्या चकत्यांना नावाने हाक मारता येईल. कुठल्याही काउंटरवर त्यातल्या वीस-तीसच असतात, ही गोष्ट वेगळी.

चकती 'काय म्हणालात?' असं विचारू शकत नाही. म्हणून निरोपातच चूक दुरुस्त करायची सोय भरून ठेवलेली असते. ३२ बिटांच्या प्रत्येक शब्दात खरा मजकूर २१ बिटांचा, उरलेले ११ बिट निव्वळ पडताळ्यासाठी. वाटेत दोन बिट उलटेपालटे झाले तरी चकती गणित मांडून मूळ शब्द काढू शकते. खेरीज पत्त्याच्या शब्दात दोन बिट 'कसं बोलवायचं' यासाठी राखलेले असतात. त्यातून चार प्रकार मिळतात. टेबल तयार आहे याला लांब लुकलुक, काउंटरवर येऊन भेटा याला तुटक, असे ते वाटून घेता येतात. टाळी, सूर, खण सगळं धरून ही हाक सव्वादोन सेकंदांत आटोपते. वेग १,२०० बिटांचा असेल तर सेकंदही पुरा लागत नाही.

हाक निघाली, पण पोचायची कशी?

हे संच साधारण ४५० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, काही ४३३च्या आसपास. या लहरींची लांबी ६४ ते ६९ सेंटिमीटर. अँटेनाला तिचा चौथा हिस्सा मानवतो, म्हणून काउंटरवरच्या ट्रान्समीटरच्या डबीची काडी सोळा-सतरा सेंटिमीटरची दिसते. ती उभी ठेवायची असते. जागा अडते म्हणून कुणी ती वाकवतो, कुणी डबीच उचलून काउंटरखालच्या लोखंडी कप्प्यात, नोटांच्या पेटीशेजारी सारतो, आणि मग 'यंत्र जुनं झालं' अशी तक्रार सुरू होते. डबी डोक्याच्या उंचीवर, धातूपासून हातभर लांब ठेवली, की निम्मी तक्रार मिटते. चकतीच्या पोटात मात्र सतरा सेंटिमीटरची काडी मावत नाही. तिथे तारेचं वेटोळं किंवा सर्किटवरचीच एक पट्टी असते. त्यामुळे चकती जन्मतःच थोडी कानाने मंद. त्यात तिला मागच्या खिशात घालून वर कुणी बसलं, तर पाण्याने भरलेलं अख्खं शरीर मध्ये आडवं येतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे लिफ्ट आणि धातूचा डबा. सगळ्यात चांगली म्हणजे हात, किंवा समोरचं टेबल.

एवढं सांभाळूनही काही जागा बहिऱ्या निघतात. सरळ आलेली लहर आणि भिंतीवर आपटून आलेली लहर एखाद्या ठिकाणी एकमेकींना खोडून टाकतात. चकती बरोबर तिथे ठेवलेली असेल, तर दहा पावलांवरूनही तिला काही ऐकू येत नाही, आणि वीतभर सरकवली की सगळं ठणठणीत. म्हणून कसलेला काउंटरवाला एकदा हाक मारून 'आले नाहीत' असा शेरा मारत नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा मारतो. तोवर कुणीतरी चकती उचललेली असते, कूस बदललेली असते, कुणाच्या पोराने ती गाडी म्हणून फिरवलेली असते. लहान मुलं या यंत्राचे नकळत मोठे मदतनीस आहेत. मात्र तीच मुलं ती पाण्याच्या ग्लासातही बुडवतात.

चकती तिघांच्या तोंडाने बोलते: उजेड, आवाज आणि थरथर. तिघे लागतात, कारण प्रत्येकाला वैरी आहे. गजबजाटात पातळ पीं-पीं विरून जाते, भर उन्हात लाल दिवा फिका पडतो, आणि जाड पर्समध्ये टाकलेल्या चकतीची थरथर कुणालाच लागत नाही. दिवे बहुधा लाल असतात, त्याचं कारण केवळ भडकपणा नव्हे. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, निळ्या-पांढऱ्याला तीन किंवा जास्त लागतात. उतरत चाललेल्या बॅटरीवर लाल दिवा शेवटपर्यंत साथ देतो.

थरथर येते ती एका लंगड्या मोटरीतून. करंगळीच्या पेराएवढी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन. मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या, म्हणजे सेकंदाला दीडशे-दोनशे हिसके. आपल्या त्वचेखाली थरथर टिपणारी जी केंद्रं आहेत, ती सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांच्या आसपास सगळ्यात हळवी असतात. त्या मानाने मोटरीचा नेम बरा लागतो. ती थांबून थांबून फिरते, तेही सकारण: सलग थरथर त्वचेला लवकर सवयीची होते आणि जाणवेनाशी होते. हीच चकती कडक टेबलावर ठेवली, तर टेबलाचा अख्खा पृष्ठभाग वाजू लागतो आणि आवाज कितीतरी पटींनी वाढतो. फक्त ती चालूही लागते. दर झटक्याला बोटभर सरकत काठापर्यंत जाते आणि खाली उडी घेते. बुडाला रबराची कड असते ती यासाठी. ती कड झिजली, की चकत्यांच्या आत्महत्या वाढतात. जाड कापड अंथरलेल्या टेबलावर उलटा प्रकार. थरथर कापडात मुरते आणि समोर गप्पांत रंगलेल्यांना पत्ताही लागत नाही.

आता बॅटरी. आत निकेल-मेटल हायड्राइडच्या दोन-तीन छोट्या घटांचा गठ्ठा असतो, नव्या चकत्यांत लिथियम. झोपून-उठून ऐकायला अगदी थोडा प्रवाह पुरतो, पण मोटर फिरायला लागली की एकदम शंभर मिलिअँपिअरच्या घरात मागणी जाते. थकलेली बॅटरी इथेच गुडघे टेकते. तिचा विजेचा दाब क्षणभर ढासळतो, आतला छोटा संगणक गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि आलेली हाक तो विसरून गेलेला असतो. पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच: चकती एकदा चमकली आणि गप्प झाली. म्हणून सुरुवातीला सांगितलेली लुकलुकीची तपासणी ग्राहकापुरती ठीक, मालकाने तिच्यावर विसंबू नये. आठवड्यातून एकदा सगळ्या चकत्या चळतीतून काढून, ओळीने मांडून, सगळ्यांना एकदम हाक मारावी आणि पुरं अर्धं मिनिट वाजू द्यावं. ज्या मध्येच मान टाकतील त्यांची बॅटरी बदलायची वेळ झाली.

चळतीचं एक वेगळंच प्रकरण आहे. प्रत्येक चकतीला खालून आणि वरून धातूच्या टिकल्या असतात. सगळ्यात खालच्या बैठकीतून वीज निघते आणि एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी वर चढते. जागा वाचते, तारा वाचतात. पण मधल्या एकीच्या टिकलीवर तेलकट बोटांचा थर बसला, की तिच्या वरच्या सगळ्या उपाशी. दोष शोधणं मात्र सोपं. खालून वर बघत जायचं, चार्जिंगचा दिवा जिथे विझलेला दिसेल तिथला सांधा गुन्हेगार. त्या दोघींच्या टिकल्या ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायच्या, नाहीच निघालं तर पेन्सिलीच्या खोडरबराने घासायच्या. द्रव थेट चकतीवर फवारायचा नाही, तो फटीतून आत उतरतो. ब्लीच तर नकोच, टिकल्या गंजतात. चळत किती उंच रचायची याला मर्यादा आहे, ती बैठकीच्या पत्रकात दिलेली असते. ती ओलांडली तर वरच्यांपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही.

आणि तो जगप्रसिद्ध घोटाळा: रात्री झाडलोट करताना चार्जरचा प्लग निघतो. चकत्या चळतीतच असतात, पण वीज गेलेली, त्यामुळे प्रत्येकीला वाटतं आपल्याला ग्राहकाने उचललं. सगळ्या रात्रभर जाग्या, कान उघडत-मिटत हाकेची वाट बघत बसतात. सकाळी बघावं तर निम्म्या मेलेल्या, आणि दोष मात्र दरवेळी बॅटरीच्या माथी.

किती चकत्या घ्याव्यात, याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. रांगांच्या गणिताचे अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: दर तासाला येणारे गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ, म्हणजे कुठल्याही क्षणी थांबलेले. गर्दीच्या वेळी तासाला ४० गट येत असतील आणि सरासरी अर्धा तास थांबत असतील, तर २० चकत्या कायम लोकांच्या हातात असणार. सरासरी म्हटली की तिच्या वरचेही दिवस आले. त्यासाठी पाच-सहा, बिघडलेल्यांसाठी दोन. आतबाहेर धरून २८ बऱ्या. वीसच घेतल्या, तर नेमक्या गर्दीच्या दिवशी एकविसाव्या गटाचं नाव चिठ्ठीवर लिहून मोठ्याने ओरडण्याची पाळी येते, आणि तेच टाळायला तर हा खटाटोप केला होता.

बटण कधी दाबायचं, हेही कसब आहे. टेबल पुसून, मांडून, पाणी ठेवून मग हाक मारली, तर बाहेर उभी असलेली माणसं दोन-तीन मिनिटांनी येतात आणि टेबल तेवढा वेळ रिकामं दिसतं. दारात थांबलेले बाकीचे त्या रिकाम्या टेबलाकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर काउंटरवाल्याला सोसवत नाही. म्हणून जाणता माणूस टेबलावरची बशी उचलली जात असतानाच बटण दाबतो. पण पोचपावती नसल्यामुळे त्याला पुढचं सगळं तर्कानेच करावं लागतं. आले नाहीत, म्हणजे ऐकलं नाही? की कंटाळून गेले, चकती बाकावर ठेवून? की ऐकलं, पण फोनवरचं बोलणं आटोपत आहेत? तिन्हींसाठी त्याच्याकडे एकच अवजार आहे, पुन्हा बटण. पाच मिनिटांत दोन-तीनदा दाबून झाल्यावर तो टेबल पुढच्यांना देतो. सहाव्या मिनिटाला पहिले हजर होतात, आणि चकती दाखवून म्हणतात, ही तर आत्ता वाजली. खरंही असतं ते. बहिऱ्या जागेतून ते आत्ताच बाहेर पडलेले असतात.

हल्ली मोबाइलवर संदेश पाठवायची पद्धत आहे. त्यात पोचल्याची खूण मिळते, हरवायला काही उरत नाही. तरी चकतीच्या बाजूने बोलावंसं वाटतं. तिला तुमचा नंबर नको असतो, नावही नको. तुम्ही १७, बस. पॉकसॅगचा निरोप उघडाच असतो, साध्या संगणकी रेडिओवर कुणीही तो ऐकू शकतो, पण ऐकून त्याला एवढंच कळणार, की १७ नंबरच्या चकतीवाल्यांचं टेबल तयार झालं. शिवाय खिशातला फोन दिवसभरात शंभर कारणांनी गुरगुरतो. चकतीला आयुष्यात एकच गोष्ट सांगायची असते.

शेजारी दुसरं रेस्टॉरंट असेल आणि त्यांचेही नंबर १ ते ३० असतील, तर? यासाठी प्रत्येक संचाला वेगळा सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. बसवताना तो कारखान्यातून आला तसाच ठेवला, आणि शेजाऱ्यानेही तेच केलं, तर त्यांच्या १७ला बोलावलं की इकडची १७ही उठते.

राहता राहिली चोरी. यावरचा उपाय मुक्या यंत्राला शोभेसा आहे. काही संचांत काउंटरवरची डबी ठराविक वेळाने नुसतंच 'मी आहे' असं पुटपुटत राहते. चकतीला बराच वेळ ते पुटपुटणं ऐकू आलं नाही, की ती समजते आपण लांब आलो, आणि वाजायला लागते. काउंटरला यातलं काहीच कळत नाही. ओशाळतो तो ती घेऊन चाललेला माणूस, आणि बहुतेकदा तो विसरभोळाच असतो. रात्री मोजताना एखादी कमी भरली, तर दिवे मालवून, पंखे बंद करून सगळ्यांना एकदम हाक मारायची आणि कान देऊन उभं राहायचं. सोफ्याच्या फटीतून, धुवायला टाकलेल्या कापडांच्या गाठोड्यातून, कधी कचऱ्याच्या पिशवीतूनही उत्तर येतं.

तरीही सापडली नाही, तर नवी चकती आणून तिला तोच जुना नंबर दिला जातो. आणि मग आठवडाभराने कुणीतरी गाडीच्या सीटखाली सापडलेली जुनी प्रामाणिकपणे आणून देतो. ती निमूटपणे चळतीत जाते. डबीला दोन १७ दिसत नाहीत, तिला एकही १७ कधी दिसलेली नसते. पुढच्या गर्दीच्या संध्याकाळी ती एकदाच १७ अशी हाक मारते, आणि एका टेबलासाठी दोन कुटुंबं चकती उंचावत पुढे येतात.